राजमार्गावरील शिल्पें आणि लोकमत

चित्रशाळेंत ठेवलेलें शिल्प आणि रस्त्याच्या कडेला उभें केलेलें शिल्प यांच्यांत एक मूलभूत भेद आहे, व तो शिल्पाच्या गुणावगुणांचा नसून पाहणाराच्या स्थितीचा आहे. चित्रशाळेचा उंबरठा ओलांडणारा मनुष्य आपण होऊन तेथें आलेला असतो; त्यानें त्यासाठीं वेळ काढलेला असतो, आणि जें दिसेल तें समजून घेण्याची थोडीबहुत तयारी करूनच तो आंत शिरतो. एखादी कृति आवडली नाहीं तर तो पुढच्या दालनांत जातो व प्रकरण तेथेंच मिटतें. रस्त्यानें जाणाऱ्याला ही मोकळीक नसते. तो निघालेला असतो कामावर, बाजाराला किंवा आजारी माणसाच्या भेटीला. आणि वाटेवरची मूर्ति त्याला आज, उद्यां व पुढचीं वीस वर्षें, इच्छा असो वा नसो, पाहावीच लागते. ती उभारण्यासाठीं लागलेला पैसाहि बहुधा सार्वजनिक निधींतलाच असतो. अशा स्थितींत त्या मूर्तीविषयीं त्यानें आपलें मत बोलून दाखविलें, तर त्याला कलेचा अडाणी शत्रु म्हणून हिणवणें अन्यायाचें होईल. तो आपला हक्कच बजावीत असतो.

मग असा हक्क बजावला गेला म्हणजे शिल्पाचें काय होतें? लोकांचा विरोध कलेला मारक ठरतो, अशी एक समजूत रसिक वर्गांत रूढ आहे; आणि लोकांना विचारल्यावांचून उभारलेली कलाकृति कधींच रुजत नाहीं, ही उलट बाजूची समजूतहि तितकीच रूढ आहे. मेक्सिको, इंग्लंड आणि अमेरिका या तीन देशांतील राजमार्गांवर गेल्या सुमारें साठ वर्षांत जीं शिल्पें उभीं राहिलीं त्यांचा इतिहास पाहिला, तर या दोन्ही समजुतींना मुरड घालावी लागते.

वाटेवर मूर्ति उभारण्याची चाल जुनीच आहे. महाराष्ट्रांतील गांवांच्या वेशींवर व देवळांच्या आवारांत आढळणारे वीरगळ हें तिचें आपल्या ओळखीचें रूप. खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत वीराला स्वर्गीं नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटींत शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर सूर्यचंद्र, असा सगळा वृत्तान्त त्या एका दगडावर खालून वर वाचीत जावा लागतो. पायीं चालणारा किंवा बैलगाडींतून जाणारा वाटसरू तो वाचूं शकत असे, कारण त्याचा वेगच तेवढा होता. मोटारीनें ही सवड काढून घेतली. ताशीं शंभर किलोमीटरच्या वेगानें जाणाऱ्याला एखादी वस्तु आठ-दहा सेकंद दिसली तरी पुष्कळ. बारीक कोरीवकाम त्याच्या दृष्टीला निरुपयोगी. म्हणून राजमार्गावरील आधुनिक शिल्प आकारानें प्रचंड आणि रेषेनें साधें झालें. परंतु जें आठ सेकंदांत दिसावें म्हणून मोठें केलें, तें शेजारीं राहणाऱ्याला आठहि प्रहर दिसत राहतें. प्रवाशाचें माप आणि रहिवाशाचें माप यांतील ही विसंगति पुढील बहुतेक वादांच्या मुळाशीं आहे.

मोटारींतून पाहण्यासाठींच शिल्पें घडविण्याचा मोठा व योजनाबद्ध प्रयोग १९६८ सालीं मेक्सिको शहरांत झाला. त्या वर्षीं तेथें ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. त्या निमित्तानें शहराच्या दक्षिण भागांतील बाह्यवळण राजमार्गाच्या सुमारें १७ किलोमीटरच्या टप्प्यांत १९ शिल्पें उभारण्यांत आलीं, व त्या टप्प्याला ‘मैत्रीचा मार्ग’ असें नांव देण्यांत आलें. या कल्पनेचा जनक मॅथियास गोरिट्झ हा डान्झिगमध्यें जन्मलेला व पुढें मेक्सिकोंत स्थायिक झालेला शिल्पकार. आणि तिला पाठबळ देणारे गृहस्थ म्हणजे ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष व नामांकित वास्तुशिल्पी पेद्रो रामिरेझ वास्केझ. निरनिराळ्या खंडांतील शिल्पकारांना पाचारण करण्यांत आलें, आणि अटी मोजक्याच घालण्यांत आल्या: शिल्प काँक्रीटचें असावें, तें अमूर्त असावें, व राजमार्गाला शोभेल एवढें भव्य असावें. ज्वालामुखीच्या काळ्या खडकांतून गेलेल्या त्या रस्त्यावर रंगीबेरंगी काँक्रीटचे हे आकार उभे राहिले तेव्हां तें दृश्य खरोखर अपूर्व होतें.

परंतु ज्या वर्षीं मैत्रीचा हा मार्ग सजला त्याच वर्षीं त्या शहरांत दुसरेंहि कांहीं घडलें. सामन्यांचें उद्घाटन १२ ऑक्टोबरला झालें. त्याच्या अवघे दहा दिवस आधीं, २ ऑक्टोबर रोजीं, त्लातेलोल्को येथील चौकांत जमलेल्या विद्यार्थ्यांवर व नागरिकांवर सैन्यानें गोळीबार केला. मृतांचा नेमका आंकडा आजहि वादग्रस्तच आहे. जें सरकार नागरिकांच्या सभेला बंदुकीनें उत्तर देत होतें, त्याच्याच छत्राखालीं ऑलिंपिक समितीनें हीं शिल्पें योजिलीं आणि उभारलीं. लोकमत अजमावण्याला त्यांत जागा नव्हती. सामने संपले, समितीचें काम संपलें, आणि त्यांची देखभाल कोणी करावयाची हा प्रश्न निराधार राहिला. रंग उडाले, काँक्रीटला भेगा पडल्या, भिंतींवर रेघोट्या उठल्या, जाहिरातींच्या फलकांनीं त्यांना झांकून टाकलें. मोटारी वाढल्या व रस्त्यावरील गति मंदावली. आठ सेकंदांत पाहावयाचें शिल्प वाहनांच्या खोळंब्यांत पाऊण तास समोर दिसूं लागलें, तरी त्याच्याकडे लक्ष देणारा कोणी उरला नाहीं. त्यांना कोणी फोडलें नाहीं कीं कोणी जपलें नाहीं. तीं कोणाचींच नव्हतीं.

त्यांना धनी मिळाला तो पाव शतकानंतर. १९९४ सालीं कांहीं नागरिकांनीं एक विश्वस्त मंडळ स्थापून एकेका शिल्पाची डागडुजी हातीं घेतली. पुढें २०११ च्या सुमारास त्याच राजमार्गावर दुसरा, उंचावरील रस्ता बांधण्यास आरंभ झाला, तेव्हां अनेक शिल्पें पुलाच्या सांवलींत गडप होण्याचा प्रसंग आला. त्यांपैकीं बऱ्याच शिल्पांना उचलून मोठ्या चौकांच्या मोकळ्या जागेंत पुन्हा उभें करण्यांत आलें. मूळच्या योजनेंत तीं ओळीनें, प्रवासाच्या क्रमानें दिसत. आतां तीं घोळक्यानें दिसतात. कलेच्या दृष्टीनें ही हानीच म्हणावी लागेल. तथापि त्या वेळीं त्यांच्यासाठीं भांडणारीं माणसें होतीं, हा फरक लहान नाहीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. टाइन नदीच्या दक्षिण तीरावर, न्यूकॅसलच्या समोर, गेट्सहेड हें नगर वसलें आहे. हा सारा प्रदेश कोळसा, पोलाद आणि जहाजें यांवर पोसलेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हे तिन्ही आधार एकामागून एक ढांसळले. कॉन्सेटचा पोलादाचा कारखाना १९८० सालीं बंद झाला. खाणकामगारांचा १९८४-८५ चा दीर्घ संप फसला. आणि १९९३ सालीं डरहॅम प्रांतांतील खोल खाणींचें युग संपलें. बेकारी, ओस पडलेल्या धक्के-गोद्या आणि मुलांनीं गांव सोडून जाणें, हा तेथील घरोघरचा अनुभव होता. गेट्सहेडच्या नगरपालिकेनें १९८० नंतरच्या दशकांतच सार्वजनिक जागांत कलाकृति बसविण्याचें धोरण स्वीकारलें होतें. लंडनहून एडिंबरोकडे जाणाऱ्या ए-१ या राजमार्गालगत एका जुन्या खाणीची जागा तिनें साफसूफ करून घेतली होती. खाणींतून वर आल्यावर कामगार जेथें अंग धूत तीं स्नानगृहें पूर्वीं तेथें होतीं. त्या उंचवट्यावर एक मोठें शिल्प उभारावें असें ठरलें, आणि १९९४ सालीं अँटनी गॉर्म्ली या शिल्पकाराची निवड झाली.

गॉर्म्लीला हें काम आरंभीं नकोच होतें. रस्त्याच्या वळणावर ठेवावयाच्या शोभेच्या वस्तु आपण करीत नाहीं, असें त्यानें कळविलें. पण त्या जागेंत त्याला प्राचीन समाधीच्या टेकाडासारखें कांहीं तरी जाणवलें, व त्याचें मन पालटलें. त्यानें जी आकृति सुचविली ती पंख पसरून उभ्या असलेल्या मनुष्याची: उंची २० मीटर, पंखांचा विस्तार ५४ मीटर. शरीर त्याच्या स्वतःच्या देहाच्या सांच्यावरून घेतलेलें, आणि पंख मात्र पक्ष्याचे नव्हेत, विमानाचे. नांव ठेवलें ‘उत्तरेचा देवदूत’. या जागेच्या पोटांत खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या अंधारांत राबले, त्यांचें स्मरण उजेडांत उभें राहावें, ही त्यामागची त्याची भूमिका त्यानें पुढें अनेकदां सांगितली.

योजना जाहीर होतांच गांवांत वादळ उठलें. पुतळा थांबवा, अशी चळवळच सुरू झाली. अर्जावर सह्या गोळा झाल्या. वृत्तपत्रांचे रकाने संतप्त पत्रांनीं भरले. विरोधकांचे आक्षेप नाना प्रकारचे होते. मोटार हांकणाऱ्यांचें लक्ष विचलित होऊन अपघात होतील, असें कोणी म्हणे. दूरचित्रवाणीच्या लहरींना अडथळा येईल, अशी कोणाला भीति. हें ध्यान पाहून येणारे-जाणारे आपल्या गांवाला हंसतील, हें कोणाचें दुःख. एका स्थानिक पत्रानें तर या आकृतीची तुलना नाझी जर्मनींतील शिल्पाशीं केली. परंतु साऱ्यांत धारदार प्रश्न पैशांचा होता. खर्चाचा आंकडा होता सुमारें आठ लाख पौंड. जेथें बापाची नोकरी गेली व मुलाला मिळत नाहीं, तेथें लोखंडाच्या बाहुल्यावर आठ लाख पौंड खर्चावे काय, असें एखाद्या गृहिणीनें विचारलें असेल तर त्यावर उपहासानें हंसण्याचा अधिकार कोणालाहि नव्हता.

नगरपालिकेनें तसें केलें नाहीं, ही या इतिहासांतील महत्त्वाची गोष्ट. तिनें पैशाचा हिशेब उघड मांडला: मोठा भाग राष्ट्रीय लॉटरीच्या कलानिधींतून यावयाचा, बाकीचा इतर अनुदानांतून व देणग्यांतून, कलेसाठीं राखलेली ही रक्कम गेट्सहेडला मिळाली नाहीं तर ती दुसऱ्या गांवाच्या कलेकडे जाईल, इस्पितळाकडे नव्हे. हें उत्तर साऱ्यांना पटलें असें नाहीं. पण उत्तर दिलें गेलें. दुसरें काम तिनें केलें तें याहून मोलाचें. देवदूत उभा राहण्यापूर्वींच शिल्पकाराची ओळख गांवाला करून देण्यांत आली. सेंट हेलेन्स गांवच्या कुटुंबांकडून गॉर्म्लीनें मातीच्या सुमारें चाळीस हजार लहान मूर्ति करवून घेतल्या होत्या; १९९६ सालीं त्यांचें प्रदर्शन गेट्सहेडमधील रेल्वेच्या एका जुन्या कारखान्यांत भरलें. जमिनीवर दाटीवाटीनें उभ्या राहून वर पाहणाऱ्या त्या असंख्य मूर्ति ज्यांनीं आपल्या ओळखीच्या कारखान्यांत पाहिल्या, त्यांना हा मनुष्य केवळ लंडनहून आलेला छांदिष्ट नव्हे एवढें तरी उमगलें असावें.

तिसरी गोष्ट घडवणुकीची. पंखांना वारा अडणार. तेव्हां ताशीं १६० किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा सोसेल अशी रचना करणें भाग होतें. त्यासाठीं पायाचे खांब जमिनींत सुमारें वीस मीटर खोल, खडकापर्यंत नेण्यांत आले. म्हणजे देवदूत जेवढा वर तेवढाच खालीं. आकृति घडली ती जवळच्याच हार्टलपूल येथील कारखान्यांत, ज्या हातांना पोलाद व जहाजें यांचा सराव होता त्या हातांनीं. तांब्याचा अंश असलेलें हें पोलाद वरवर गंजतें, आणि तो गंजच आंतील धातूचें रक्षण करतो. रंग देण्याची गरज पडत नाहीं. एकूण वजन २०० टन: धड १०० टनांचें, प्रत्येक पंख ५० टनांचा. फेब्रुवारी १९९८ मध्यें हे तीन भाग रात्रीच्या वेळीं मोठ्या वाहनांवरून टेकडीकडे निघाले, तेव्हां थंडींत रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. १५ फेब्रुवारी रोजीं देवदूत उभा राहिला. पंख अगदीं सरळ नाहींत; ते पुढच्या बाजूस साडेतीन अंशांनीं कललेले आहेत, त्यामुळें आकृति समोरच्याला कवेंत घेऊं पाहते असा भास होतो.

लोकमत बदललें तें कोणा समीक्षकाच्या लेखानें नव्हे. त्याच वर्षीं मे महिन्यांत न्यूकॅसलचा फुटबॉल संघ एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचला होता. संघाच्या कांहीं चाहत्यांनीं दोऱ्या व गलोली यांच्या साह्यानें आपला लाडका खेळाडू ॲलन शिअरर याच्या ९ क्रमांकाचा एक अवाढव्य सदरा देवदूताच्या अंगावर चढविला. पोलीस येईपर्यंत तो कांहीं मिनिटेंच टिकला, आणि सामनाहि न्यूकॅसलनें गमावला. परंतु तें छायाचित्र देशभर गेलें. दगडाला शेंदूर लागला म्हणजे तो देव होतो, अशी आपल्याकडे म्हणण्याची रीत आहे. तीत थट्टा आहे तसें सत्यहि आहे. घडविणारानें जें घडविलें त्यावर लोकांनीं आपल्या हातानें कांहीं तरी चढविलें, म्हणजे तें लोकांचें झालें. गेट्सहेडचा शेंदूर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा होता.

नंतरच्या काळांत याहून गंभीर गोष्ट घडत गेली. शिल्पाच्या पायथ्याजवळच्या झाडींत लोक आपल्या मृत आप्तांच्या आठवणी ठेवूं लागले: फुलें, छायाचित्रें, फिती, लहान मुलांचीं खेळणीं. अशी स्मरणाची जागा करावी हें शिल्पकाराच्या मनांत नव्हतें, नगरपालिकेच्या ठरावांतहि नव्हतें. ज्यांना चर्चच्या आवारांत किंवा स्मशानांत आपलें दुःख नेऊन ठेवावेंसें वाटलें नाहीं, त्यांना तें या गंजलेल्या पंखांखालीं ठेवावेंसें वाटलें. ज्या वस्तूमुळें गांवाची नाचक्की होईल अशी भीति होती, तिच्यापाशीं माणसें मूकपणें रडूं लागलीं, याहून मोठा मतपालट कोणता?

या यशाचा एक अनिष्ट परिणामहि झाला. भव्य शिल्प उभारलें कीं गांवाचें नशीब फळफळतें असा सरळ हिशेब अनेकांनीं मांडला. इंग्लंडच्याच दक्षिण भागांत, एब्सफ्लीट येथें, मार्क वॉलिंजर या शिल्पकाराचा ५० मीटर उंचीचा पांढरा घोडा उभारण्याचा बेत २००९ सालीं मुक्रर झाला. परंतु खर्चाचा अंदाज मूळच्या अनेकपट फुगला आणि तो घोडा आजवर कागदावरच राहिला आहे. देवदूताची उंची अनुकरणीय वाटली; त्याच्या पायांतला कोळसा मात्र उसना आणतां येण्याजोगा नव्हता.

घोड्याचाच विषय निघाला आहे तर अमेरिकेंतील डेन्व्हरच्या निळ्या घोड्याकडे पाहिल्यावांचून हा वृत्तान्त पुरा व्हावयाचा नाहीं. डेन्व्हरच्या नव्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठीं १९९३ सालीं लुईस हिमेनेझ या शिल्पकाराकडे काम सोंपविण्यांत आलें. टेक्सस राज्यांतील एल पासो गांवीं जन्मलेल्या या मेक्सिकन वंशाच्या शिल्पकाराच्या वडिलांचा निऑन दिव्यांच्या पाट्या करण्याचा कारखाना होता. तेथेंच तो काम शिकला. काम वर्षानुवर्षें रेंगाळलें. जून २००६ मध्यें त्या प्रचंड घोड्याचा एक भाग कार्यशाळेंत निसटून हिमेनेझच्या अंगावर पडला, पायाची रक्तवाहिनी तुटली आणि त्यांतच त्याचा अंत झाला. उरलेलें काम त्याच्या कुटुंबीयांनीं व इतरांनीं पुरें केलें, व फेब्रुवारी २००८ मध्यें सुमारें पावणेदहा मीटर उंचीचा, मागच्या पायांवर उभा ठाकलेला तो निळा घोडा रस्त्याकडेला आला. त्याचे डोळे रात्रीं लाल प्रकाशानें पेटतात. पित्याच्या निऑनच्या धंद्याला पुत्रानें वाहिलेली ती आदरांजलि होय. परंतु विमान गांठण्याच्या घाईंत असलेल्या प्रवाशाला हें कोठून ठाऊक असणार? त्याला दिसला तो आपल्याच निर्मात्याचा प्राण घेणारा, आग ओकणाऱ्या नजरेचा राक्षस. लोकांनीं त्याला सैतानाच्या नांवावरून टोपणनांव ठेवलें, आणि २००९ मध्यें तो हलवावा म्हणून मोहीम निघाली.

शहराचें उत्तर लक्षांत घेण्यासारखें आहे. नव्या सार्वजनिक शिल्पाला किमान पांच वर्षें जागेवरच राहूं द्यावें, तोंवर तें हलविण्याचा विचार करूं नये, असा तेथें दंडक होता. तो पाळण्यांत आला. पांच वर्षांत राग ओसरला असें म्हणण्यापेक्षां त्याचें रूप बदललें असें म्हणणें अधिक खरें. टोपणनांव तेंच राहिलें, पण तें उच्चारण्यांत आतां लाडिक अभिमान मिसळला. घोडा कुरूप आहे असें म्हणणारे पुष्कळ आहेत; तथापि तो आमचा आहे, असेंहि त्यांतील अनेक म्हणतात. गेट्सहेडच्या लोकांना देवदूत आवडूं लागला; डेन्व्हरच्या लोकांना घोडा आवडलाच पाहिजे असें ठरलें नाहीं, आणि तरीहि तो त्यांचा झाला.

या तीन वृत्तान्तांवरून काय निष्पन्न होतें? वाद झाला म्हणून शिल्प मेलें, असें यांपैकीं एकाहि ठिकाणीं झालें नाहीं. मरणपंथास लागलीं होतीं तीं मेक्सिकोचीं, ज्यांच्याविषयीं नागरिकांना बोलण्याची संधीच मिळाली नव्हती. आणि तीं वांचलीं तीहि नागरिक बोलूं लागल्यावर. भांडणांत मनुष्य गुंततो. जो पुतळ्याविरुद्ध पत्र लिहितो तो पुतळ्याकडे नीट पाहिलेला तरी असतो. उदासीनतेला एवढाहि आधार नसतो. मात्र नुसतें भांडण पुरेसें नाहीं. गेट्सहेडला तीन गोष्टी त्याच्या जोडीला आल्या: ज्या जमिनीवर मूर्ति उभी राहिली त्या जमिनीचा तिच्याशीं संबंध होता, ज्यांनीं ती घडविली ते त्याच प्रदेशांतले कारागीर होते, आणि ज्यांनीं ती मंजूर केली त्यांनीं विरोधकांना मूर्ख न समजतां उत्तरें दिलीं. डेन्व्हरला या तिहींपैकीं फारसें कांहीं नव्हतें. तेथें काळालाच मध्यस्थी करावी लागली, व पांच वर्षांच्या दंडकानें ती करूं दिली.

याचा अर्थ विरोध करणारे चुकले होते, असा कोणी काढूं नये. गरिबीच्या दिवसांत सार्वजनिक पैसा कशावर खर्चावा, आणि आपल्या दारासमोर काय उभें राहावें हें कोणी ठरवावें, हे त्यांचे प्रश्न देवदूत लोकप्रिय झाल्यानें खोटे ठरत नाहींत. उलट ते विचारले गेले म्हणूनच नगरपालिकेला शाळेंत, सभेंत, वृत्तपत्रांत येऊन आपली बाजू मांडावी लागली, आणि त्या मांडणींतून गांवाला आपल्या गेलेल्या खाणींविषयीं आणि गेलेल्या माणसांविषयीं पुन्हा एकदां बोलतां आलें. आपल्या देशांतहि आतां रुंद राजमार्ग होत आहेत व त्यांच्या कडेनें उंच पुतळे उभे राहत आहेत. त्यांचें अनावरण थाटानें होतें, भाषणें होतात, हार पडतात. त्या गर्दींत कोणी शेजारचा रहिवासी उठून हें येथें कां, कोणाच्या पैशानें आणि देखभाल कोण करणार, असें विचारूं लागला, तर त्याला खालीं बसवूं नये. मूर्तीच्या आयुष्याची खरी काळजी वाहणारा बहुधा तोच निघेल.